कोकराचं कार्ड

माझा थोरला भाऊ चाळिशी उलटली तरी पत्ते खेळतो. रमी, तीनपत्ती असलं काही नव्हे. राक्षस, ड्रॅगन आणि जादूगारांची चित्रं असलेली महागडी कार्डं. एकेक कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात. आईला आंघोळ कोण घालतं हे त्याने कधी विचारलं नाही, पण कार्डाला तेलकट बोट लागलं की त्याचा जीव खालीवर होतो.

खालापूरहून हक्कसोडपत्र करून आलो, त्याच दुपारी त्याला माझ्याशी खेळायची हुक्की आली. आमच्याकडे बहिणी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडतात आणि भाऊ त्यांना साडी घेतो. मी सही केली, आईनेही अंगठा दिला. नवऱ्याला सोडून आल्यापासून मी शेतातल्या घरात आईपाशी राहते. आईच्या माघारी मला कुठेतरी डोकं टेकायला हवं, म्हणून गेल्याच आठवड्यात मी जमिनीचा रस्त्याकडचा कोपरा मागितला होता. "आधी सही कर, कोपरा तुझाच," तो म्हणाला होता. लिहून घ्यावं असं मनात आलं होतं. पण सख्ख्या भावाकडून लिहून घेणाऱ्या बहिणीच्या तोंडात गाव शेण घालतं. मी तशीच सही केली.

खेळात माझ्या वाट्याला एक कोकरू आलं. गोड होतं मेलं.

"हे काय करतं रं दादा?"

"काय नाय. त्याचा बळी द्यायचा, मग तुझा ड्रॅगन उतरतो."

"आणि नाय दिला तर?"

"तर हरशील."

मी कोकरू सोडलं नाही. त्याचे राक्षस माझं एकेक कार्ड खात सुटले, तरी मी ते समोर तसंच ठेवलं. माझ्या जिंकण्याची काळजी असल्यासारखा तो चिडला.

"अगं, त्याच्यासाठीच असतं ते! नियमच हाय तो."

नियम म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. सकाळपासून कचेरीत तोच शब्द ऐकत होते, बहिणीने हक्क सोडायचा हा नियमच.

"कोपऱ्याची मोजणी कधी करतोस?" मी विचारलं.

तो कार्डं गोळा करायला लागला. "तुला सांगायचंच राहिलं गं. जमीन घेणाऱ्या पार्टीला सगळी सलग पायजे. कोपरा सोडून नाय घेत ते. मागल्या महिन्यातच बोलणं झालं."

मागल्या महिन्यात. म्हणजे मला कोपऱ्याचा शब्द दिला, तेव्हा तो कोपरा विकून मोकळा झाला होता.

"आणि हे घर?"

"सलग म्हंजे घरपण आलंच की त्यात," तो हळू म्हणाला. "आईला आताच नको सांगू."

माझा आवाज चढला. मी त्याला हलकट म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

आतल्या खोलीतून आई ओरडली, "भावाशी भांडू नको गं बाय! बाईला माहेर लागतं."

तिला अजून वाटत होतं, ती आपल्या घरात निजली आहे.