मेहुणे संडास बघायला आले

आमचा संडास तुंबला तेव्हा सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि माझे मेहुणे चंदगडहून तो बघायला दहाच्या एस.टी.नं पोचणार होते.

(होय, संडास बघायला. आम्हांला बघायला ते कधीच येत नसत.)

याला कारण माझं पत्र. आमच्या पेठेत तेव्हा टाकीचे संडास नवे होते, आणि आमचा मी स्वतः गणित मांडून बांधून घेतला होता. इकडे माझ्या सासूबाई, वय सदुसष्ट, चंदगडच्या पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन बांधावरून दोनशे वीस पावलं चालत जात. (मी मोजली आहेत.) गेल्या पावसात दोनदा पडल्या. पण मेहुण्यांचं एकच म्हणणं, "घरात असली घाण न्हाय चालायची. तुंबली तर काय करायचं?" मी चार पानी पत्रात टाकीची लांबी, रुंदी, खोली कळवली आणि शेवटी लिहिलं, 'शास्त्रशुद्ध बांधलेला संडास तुंबत नाही.' खाली दोन रेघा ओढल्या.

"दादानं हे बघितलं की संपलं," ही म्हणाली. "आई जन्मभर बांधावर!"

"दोन तास चाळीस मिनिटं आहेत," मी म्हणालो.

आधी बंबातलं कढत पाणी आणि धुण्याचा सोडा ओतला. पाणी उतरलं नाही, चढलं. फूटपट्टी लावली. साडेतीन इंच.

"अहो, ती पोरांची पट्टी आहे!"

(आता ती कुणाचीच नव्हती.)

मग काठीला फडकं बांधून ढोसलं. काहीही झालं नाही. मी स्वयंपाकघरात ताकाच्या रवीकडे नुसतं पाहिलं.

"रवीला हात लावाल तर मीच चंदगडला जाईन!"

हा आवाज ऐकून शेजारचे पैलवान आले. रोज तालमीत पाचशे जोर काढणारा माणूस. "काय झालं ओ अण्णा?" सांगितलं. "मग दाबायला पायजे की! दांड्याला चपटं कायतर ठोका. रबर हाय?"

रबर नव्हतं. वहाण होती. नवी कोल्हापुरी, आठ नंबर, करकर वाजणारी, मेहुण्यांसमोर घालायची म्हणून दोन दिवस तेल लावून ठेवलेली. त्यातली डावी मी कुदळीच्या दांड्याच्या टोकाला चार खिळ्यांनी ठोकली.

पैलवानांनी शड्डू मारला. पहिलाच दणका असा बसला की पाणी भिंतीला, छताला आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाला लागलं.

"बघा, किती उतरलं?"

मी काठीनं माप घेतलं. "दोन इंच."

"मग! म्हटलं न्हवं!"

"ते माझ्या अंगावर आहे," मी सांगितलं.

दहाला दहा कमी असताना दारात आवाज आला. "दाजी हायत का घरात?" (चंदगडची एस.टी. त्याआधी किंवा नंतर कधीही वेळेआधी आलेली नाही!) हातात काजूची पिशवी आणि चेहऱ्यावर चार तासांची निकड.

"या पावणं, चहा..."

"चहा ऱ्हाऊ द्या. आधी आत जाऊन येतो."

हिनं डोळ्याला पदर लावला. मेहुण्यांनी आत डोकावलं, मग दाराकडे पाहिलं. दारावर माझा कागद होता: 'माणशी दीड तांब्या पाणी. जास्त टाकू नये.'

"ह्ये काय?"

मी समजावलं. "दोन तांबे टाकले तर टाकी बारा वर्षांत भरते. दीड टाकला तर सोळा. चार वर्षं वाचतात."

मेहुण्यांनी काजूची पिशवी खाली ठेवली. मग बहिणीला म्हणाले, "शांते, चार बादल्या भरून आण."

"चार?" मी ओरडलो.

"तुमी बाजूला व्हा, दाजी."

त्यांनी धोतर खोचलं, माझी वहाण धरून पाचसहा वेळा बेतानं दाबली आणि भाताच्या खाचराचा बांध फोडावा तशा दोन बादल्या एकदम ओतल्या. टाकीनं ढेकर दिली. सगळं गेलं! उरलेल्या दोन घेऊन मेहुणे आत शिरले आणि कडी लावली.

बाहेर आले ते हसतच. "तुंबल्यावर काय करायचं, एवढंच भ्या हुतं बघा. त्ये समजलं. आनि आमच्याकडं पाण्याला काय तोटा! आईला संडास बांधतो की."

त्यांनी टाकीची सगळी मापं वहीत उतरवून घेतली. दारावरचा कागद तेवढा सोडला. दिवाळीत चंदगडचा संडास तयार झाला. सासूबाईंना आता एकोणीस पावलं पडतात.

जाताना मेहुणे ते हत्यारही घेऊन गेले. त्यामुळे सासुरवाडीत जावयाची आठवण म्हणून संडासाच्या कोपऱ्यात माझी डावी वहाण कायमची उभी आहे. उजवी मी तेल लावून घरीच जपली आहे, पुढच्या वेळेसाठी. शेवटी आमच्या संडासाचं गणित मी मांडलंय!