कुणी चोरू नये असा खांब

म्वारिंगाने जन्मभर मेलेल्यांसाठी काम केलं. घरातला कर्ता पुरुष गेला, की काही काळाने तो कुणाच्या तरी स्वप्नात येतो, मला थंडी वाजते म्हणतो. मग त्याच्या नावाने अंगणापलीकडच्या झाडाखाली लाकडाचा खांब उभा करायचा. किगांगो. वर ताटलीसारखं वाटोळं डोकं, खाली मान, मग लांब चपटं अंग आणि त्यावर कोरलेल्या त्रिकोणांच्या रांगा. पायाशी माडी ओतायची, कोंबडं कापायचं, आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. ऊन, पाऊस, वाळवी आपापलं काम करतात; खांब मातीत मिळाला, की तो माणूस सुटला.

कालोलेनी गावामागच्या टेकाडांवर खांब कोरणारे आणखीही होते, पण म्वारिंगाच्या हाताची सर कुणाला नव्हती. त्याच्या कोरीवकामावरून बोट फिरवलं तर कुठे अडखळायचं नाही. हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याचा त्याला चांगलाच ताठा होता.

त्याचा थोरला भाऊ कारिसा माडी काढायला चढला आणि माडावरून पडून मेला. त्याचा खांब म्वारिंगाने सगळ्यांत कठीण लाकडाचा केला. उजव्या खांद्याच्या कडेला एक बारीक खाच ठेवली. माडीच्या भोपळ्याची दोरी रुतून रुतून कारिसाला तिथे घट्टा पडला होता. मेलेल्या माणसाची अशी ओळख खांबावर ठेवायची रीत नव्हती. गावच्या म्हाताऱ्यांनी ती खाच पाहिली आणि चालू दिली.

कारिसाची बायको न्येवू रोज सकाळी त्या खांबापाशी जाऊन बसे. बकऱ्यांचं, लेकीच्या सासरचं, सुकलेल्या मक्याचं सगळं त्याला सांगे. जिवंतपणी इतकं ऐकून घेतलं असतंस तर आपली निम्मी भांडणं वाचली असती, असंही एकदा म्हणाली. म्वारिंगाने ते ऐकलं आणि त्याला हसू आलं. आपण केलेल्या वस्तूचा उपयोग होतोय, एवढंच त्याच्या मनात आलं.

एका उन्हाळ्यात खांब गेला. झाडाखाली नुसता खड्डा उरला, आणि रस्त्यापर्यंत मोटारसायकलच्या चाकाची खूण. चोर गावातलेच होते. कोण, तेही सगळ्यांना माहीत होतं. पण नाव घेतलं तर आपल्याच कुणाचं तरी घ्यावं लागेल म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

न्येवू त्या खड्ड्यापाशीही जाऊन बसू लागली, पण बोलेनाशी झाली. मग तिची लेक तापाने फणफणून माहेरी आली आणि तिथेच वारली. पोटातलं मूलही गेलं. खांब हलवला म्हणूनच हे झालं, असं धरून न्येवूने म्वारिंगाला नवा खांब करायला सांगितलं. म्हाताऱ्यांनी नको म्हटलं. एका माणसाला एकदाच उभा करतात. दुसरा केला तर तो नुसता लाकडाचा तुकडा.

म्हणून म्वारिंगा शोधायला निघाला. मालिंदी शहरात समुद्राकडच्या रस्त्यावर परदेशी पाहुण्यांसाठी दुकानं आहेत. एकेक पालथं घालत तो एका थंडगार दुकानात शिरला, तर समोर कारिसा उभा. धुऊन पुसून तेल लावलेला, पायाला लोखंडी बैठक, वरून दिव्याचा झोत. गावची माती पायावरून खरवडून काढली होती.

दुकानाची मालकीण नैरोबीकडची, वागायला चांगली होती. तिने त्याला बसायला खुर्ची दिली. हा माझा भाऊ आहे, असं त्याने सांगितल्यावर तिला आधी समजलंच नाही. हा मी कोरलाय, असं म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला. तिने त्याचे हात हातात घेऊन पाहिले. इतकं सुंदर काम तिने दुसरं पाहिलं नव्हतं. गावात ते वाळवीने खाल्लं असतं, इथे ते शंभर वर्षं टिकेल, जगभरचे लोक पाहतील, असं ती मनापासून म्हणाली. परत देता येणार नव्हतं. तिने रीतसर विकत घेतला होता आणि समुद्रापलीकडच्या कुणीतरी तो आधीच मागून ठेवला होता. पुरावा म्हणून म्वारिंगाने खांद्याची खाच दाखवली, दोरीच्या घट्ट्याचं सांगितलं. ती वाकून बघत राहिली.

"किती छान," ती म्हणाली. "हे मी घेणाऱ्यांना नक्की सांगेन. बाबा, तुम्ही माझ्यासाठी असे आणखी कराल का?"

"कोण मेलंय?" म्वारिंगाने विचारलं.

ती हसली. त्याला वाटलं, ती उत्तर देईल, म्हणून तो थोडा वेळ थांबला. मग उठून बाहेर आला.

घरी आल्यावर त्याने न्येवूपासून काही लपवलं नाही. चुलीपाशी बसून तिने सगळं ऐकून घेतलं.

"पाऊस लागतो का त्यांना तिथे?"

"नाही, वहिनी. छत आहे."

"वाळवी?"

"तीही नाही."

तिने चुलीतली राख सारखी केली. "मग सुटणार कधी ते, भावजी?"

आपण लाकूड इतकं कठीण का निवडलं, हे म्वारिंगाला त्या क्षणी कळलं. भावासाठी नव्हतं निवडलं. आपल्या हाताचं काम टिकावं म्हणून निवडलं होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी न्येवू वारली.

त्यानंतर म्वारिंगा वाईट काम करू लागला. मऊ, दोन पावसांत भुसा होईल असं लाकूड घ्यायचा. लाकूड तासायची वाकस हवी तशी चालवायचा, त्रिकोण वेडेवाकडे सोडायचा, आणि शेवटी खांबाच्या डोक्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घालून ते फोडायचा. ज्यांच्या घरचा खांब असे, ते लोक खाली बघत. म्वारिंगाचा हात गेला, असं बाजारात बोलू लागले. बायको दामाने विचारलं, "अहो, लोक हसतात तुम्हाला. सांगत का नाही त्यांना?" तो म्हणाला, खरं कारण सांगितलं तर चोरांनाही कळेल.

लोक दुसऱ्या कोरणाऱ्यांकडे जाऊ लागले. त्यांचे देखणे खांब एकेक करून चोरीला गेले. म्वारिंगाचे तेवढे उभे राहिले, झिजले, आडवे झाले, मातीत गेले.

मग लोक परत आले. शेजारच्या टेकडीवरची म्बेयू नावाची विधवा आली ती दारातच उभी राहून म्हणाली, "चांगला करू नका, भाऊ. कुणाला आवडेल असं काही नको."

त्याने मान डोलावली. पूर्वी ज्याला महिना लागायचा ते काम एका दुपारीत उरकलं. खांब उभा केला, माडी ओतली. लोक म्हणाले, बरा आहे, हा कुणी नेणार नाही. बाकीचे अजून पीत बसले होते. म्वारिंगाने खांबावरून बोट फिरवलं, ते जागोजाग अडखळलं. त्याने आपला पेला खाली ठेवला आणि कुणाचा निरोप न घेता घराकडे चालू लागला.