परत न येणाऱ्या पिशव्या

ब्रेमेनमधल्या त्या कारखान्यात माझं काम काय होतं, हे मला आईला फोनवर कधीच नीट सांगता आलं नाही.

"रॉकेट बनवतेस ना गं?" ती विचारायची.

रॉकेट नव्हे. रॉकेटच्या टोकावर बसून वर जाणारं एक मालवाहू यान होतं. त्यात माणूस बसणार नव्हता. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावर जे लोक राहत होते, त्यांना खाणं, पाणी, कपडे, सुटे भाग नेऊन पोचवायचे, एवढंच त्याचं काम. माझं काम त्याहून साधं. कुठली वस्तू कुठल्या पिशवीत, आणि ती पिशवी यानाच्या पोटात कुठे, हे मी ठरवायचे. एका बाजूला वजन जास्त झालं तर यान नीट वळत नाही, म्हणून प्रत्येक पिशवी तोलायची आणि मग तिला जागा द्यायची.

"म्हणजे सामान भरतेस," आई म्हणाली. "गावाला निघताना तुझे बाबा भरायचे तसं."

मी हो म्हटलं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

मी मिरजेची. जर्मनीत ब्राउनश्वाइगला शिकले आणि तिथूनच ही नोकरी लागली. वेझर नदीच्या पलीकडे एका खोलीचं घर मिळालं. लोक वाईट नव्हते. जिन्यात भेटले की नमस्कारासारखं 'मोइन' म्हणायचे, आणि मी 'मोइन' म्हणेपर्यंत त्यांचं दार लागलेलं असायचं. शुक्रवारी चार वाजता ऑफिस रिकामं व्हायचं, ते थेट सोमवारी सकाळी भरायचं. मधल्या दोन दिवसांत माझ्या तोंडून शब्द निघण्याची ठिकाणं दोनच, रविवारचा आईचा फोन आणि कोपऱ्यावरची बेकरी. शनिवारी मी मुद्दाम दोनदा बेकरीत जायचे. सकाळी दोन ब्रोटशन, म्हणजे छोटे पाव, आणि दुपारी दोन. एकदम चार घेतले असते तरी चाललं असतं.

कारखान्याच्या एका टोकाला शिवणखोली होती. यानातल्या पिशव्या तिथे शिवल्या जायच्या. पांढरं, जाडसर, आग न धरणारं कापड, रुंद पट्टे, भक्कम चेन. तीन मशीनं होती, पण मी गेले तेव्हा शिवणारी बाई एकच उरली होती. साठीला टेकलेली, उंच, केस कानापर्यंत कापलेले. आधी त्यांनी होड्यांची शिडं शिवली होती, मग ट्रकच्या ताडपत्र्या, आणि शेवटी या पिशव्या. नवरा वारलेला, मूल नाही. एक धाकटी बहीण होती, ती दूर न्युरेम्बर्गला. त्यांना मी आडनावाआधी 'फ्राऊ' लावून हाक मारायचे. इथे नुसतं बाई म्हणते.

पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊनच. एका मापाची पिशवी खणात सरकत नव्हती. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, उंची दोन सेंटिमीटरने कमी करावी लागेल. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. पिशवी उचलली, तळव्याने दाबली, म्हणाल्या, "दोन नाही, दीड. तळाला घडी घातली की भरल्यावर फुगणार नाही. दोन कमी केलंत तर आतली वस्तू मावणार नाही."

दीडच बरोबर निघालं. ते सांगायला मी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. त्या ओस्टफ्रीसलांडच्या, म्हणजे चहावाल्या मुलखातल्या. कपात आधी खडीसाखर, वर कडक चहा, आणि त्यावर चमच्याने अलगद सोडलेली साय. ढवळायचं नाही. आणि तीन कप प्यायल्याशिवाय उठायचं नाही, तो पाहुण्याचा उद्धटपणा समजतात. आमच्याकडे चहा उकळतात हे ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं.

मग दर गुरुवारी तीन वाजता मी शिवणखोलीत जाऊ लागले. दुसऱ्या वर्षी एका गुरुवारी त्या म्हणाल्या, "आजपासून मला तू म्हण." जर्मनमध्येही तू आणि तुम्ही आहे, आणि वयाने मोठ्या माणसाने स्वतःहून सांगितल्याशिवाय त्याला 'तू' म्हणता येत नाही. आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना तुम्हीच म्हणत. पण मला काही जमेना. आईपेक्षा मोठ्या बाईला एकेरीत कसं हाक मारायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, "मग मी तुला तू म्हणते. तू मला काय हवं ते म्हण."

आठवड्यातून एकदा का होईना, त्या देशात मला कुणीतरी तू म्हणू लागलं.

त्याच सुमाराची गोष्ट. एका मोठ्या पिशवीचा शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा तोडला, ती मांडीवर आडवी धरली आणि म्हणाल्या, "या परत आल्या की मला एक मागून दे. ही नाही मिळाली तरी चालेल, कुठलीही चालेल. माझा टाका मी ओळखते. जिथे वर-खाली असं काही नसतं तिथून जाऊन आलेली पिशवी घरात असावी असं वाटतं."

त्या पिशव्या परत येणार नव्हत्या. पहिल्या दिवसापासून आराखड्यात तसं लिहिलेलं होतं. सामान उतरवलं की स्थानकावरचा कचरा त्याच पिशव्यांत भरायचा, यान सुटं करायचं, आणि ते वातावरणात शिरताना सगळ्यासकट जळून जायचं. आमच्या मजल्यावर हे प्रत्येकाला माहीत होतं. शिवणखोलीपर्यंत ते कुणी नेलं नव्हतं, कारण पिशवी कशी शिवायची याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी सांगायला हवं होतं. त्यांचा चेहरा पाहिला, आणि माझ्या तोंडून 'जा' निघालं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ हो.

पुढच्या गुरुवारी सांगू असं मनाशी म्हटलं. पुढच्या गुरुवारी त्या बहिणीने पाठवलेला केक घेऊन आल्या होत्या. मग उड्डाण लांबलं. एकदा लांबलं, पुन्हा लांबलं. कधी रॉकेट तयार नव्हतं, कधी एखादी चाचणी पुन्हा करायची निघाली. मिरजेत शेजारी आईला विचारत, "गेलं का हो तुमच्या मुलीचं यान?" आणि आई फोनवर मला विचारे. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. इतक्या गुरुवारांनंतर ते सांगणं म्हणजे इतके गुरुवार मी गप्प का होते, हेही सांगणं होतं. मला त्या स्टुलाची, त्या तीन कपांची इतकी सवय झाली होती, की ते जाईल असं काही बोलायची माझी छाती होईना.

उड्डाणाच्या आदल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी मशीनवर झाकण घालून त्या निघाल्या, मी त्यांना ट्रामपर्यंत सोडलं. त्यानंतर गुरुवार नुसते गुरुवार राहिले. महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांच्या घरी जायचे, तेवढंच.

मग खरोखरच यान पेटीत घालून जहाजाने निघालं, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे, जिथून रॉकेट सुटायचं होतं. आमच्यातले आठ-दहा जण तिकडे गेले. मी ब्रेमेनलाच राहिले, कारण शेवटच्या क्षणी एखादी वस्तू बदलली तर नवी जागा शोधून कळवायला इथे कुणीतरी हवं होतं. त्या आठवड्यांत मी स्क्रीनवर पिशव्या हलवत होते आणि तिकडे दुसऱ्यांचे हात त्या खऱ्या पिशव्या हलवत होते.

उड्डाण आमच्या वेळेनुसार पहाटे पाचच्या सुमारास होतं. कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये पडदा लावणार होते. पत्रक आलं, की प्रत्येकाला कुटुंबातल्या एका व्यक्तीला आणता येईल. खाली नावाचा आणि नात्याचा रकाना होता. मी बाईंचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यापाशी थोडा वेळ पेन थांबलं, मग 'मावशी' या अर्थी 'टांटं' लिहिलं. कुणी काही विचारलं नाही.

बाई गडद निळा कोट घालून आल्या, ब्रोच लावून. थिएटरला जाताना घालायचा तो कोट. हॉलमध्ये शंभर-दोनशे माणसं होती, पेंगुळलेली मुलं वडिलांच्या खांद्यावर. पडद्यावर प्रकाशात उभं असलेलं पांढरं रॉकेट आणि मागे मिट्ट काळोख. बाईंनी माझा हात धरला होता. "माझ्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी टोकाकडे बोट दाखवलं.

उड्डाणाला वीसेक मिनिटं होती. लोकांनी कंटाळू नये म्हणून एक तरुण अधिकारी माइक घेऊन माहिती सांगत होता. यान किती मोठं, किती सामान नेतंय, स्थानकाला आपोआप कसं जोडलं जाणार. मग तो म्हणाला, "आणि काही महिन्यांनी स्थानकावरचा सगळा कचरा यात भरतील, आणि पॅसिफिक महासागरावर हे जळून खाक होईल. थोडक्यात मंडळी, जगातली सगळ्यात महागडी कचरागाडी!"

लोक हसले. माझ्या हातावरचा हात सुटला.

"पिशव्यासुद्धा?" बाईंनी विचारलं.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

इतक्या वर्षांनी त्या मला पुन्हा तुम्ही म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. "पहिल्यापासून," मी म्हटलं.

त्या दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून पडद्याकडे बघत राहिल्या. उलटी मोजणी झाली. सगळा पडदा पांढरा झाला, रॉकेट उचललं गेलं आणि ढगात शिरलं. ढग आतून पिवळा झाला आणि विझला. हॉल टाळ्यांनी दणाणला. आमचे खातेप्रमुख, ज्यांनी मला कधी हस्तांदोलनापलीकडे स्पर्श केला नव्हता, त्यांनी मला मिठी मारली. मी रडत होते आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने. मी वळून पाहिलं तर बाईही टाळ्या वाजवत होत्या. हळू, नेमाने, चार लोकांत वाजवायच्या म्हणून.

यान रॉकेटपासून सुटं होण्याचा पुढचा टप्पा तासाभराने होता. त्या थांबल्या नाहीत. "तुम्ही थांबा, तुमचं काम आहे," म्हणाल्या आणि उजाडायच्या आत पहिल्या ट्रामने गेल्या.

त्यानंतर मी तीनदा फोन केला. उचलला गेला नाही. मी एक पत्र लिहिलं, माझ्या जर्मनमध्ये, शब्दकोश उघडून. उत्तर आलं नाही. काही आठवड्यांनी यान स्थानकाला जोडलं गेलं, दुपारची वेळ होती, आम्ही पडद्यापुढे उभे होतो. मिलीमीटरमिलीमीटरने ते पुढे सरकलं आणि टेकलं. कुणीतरी शॅम्पेन उघडली. आईला फोन केला. ती म्हणाली, "झालं ना नीट? मग आवाज का असा येतोय तुझा?" मी म्हटलं, सर्दी झालीय.

उन्हाळ्यात एक दिवस ऑफिसात बाईंचा फोन आला. "तुम्हाला बुधवारी वेळ आहे का? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. घरी न्यायला माणूस असल्याशिवाय सोडत नाहीत. बहिणीचा गुडघा धरलाय, ती येऊ शकत नाही."

मी सुटी काढली. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दोन तास बसले. त्या बाहेर आल्या तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती आणि चालताना उजवा हात पुढे चाचपडत होता. मी दंड धरला. बसमधून उतरल्यावर घरापर्यंत थोडं चालायचं होतं. तिथे त्या बोलल्या, समोर बघतच.

"जळणार याचं मला काही नाही. ताडपत्र्या काय, शिडं काय, सगळंच फाटतं. मी शिवलेलं काहीच माझ्याकडे परत आलेलं नाही. पण तू माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस. इतकी वर्षं. मी लहान मूल आहे का?"

"मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही पुन्हा बोलावणार नाही."

"चहाला?"

"हो."

त्या थांबल्या. उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "आणि मला कोण होतं दुसरं?" त्या म्हणाल्या. मग पायरी कुठे आहे ते पायाने शोधलं आणि वर चढल्या.

मी त्यांना थेंब घालून दिले, सूप गरम केलं, आणि संध्याकाळपर्यंत बसले. पुढच्या आठवड्यात पट्टी निघाली तेव्हाही मीच गेले होते.

यान जळालं ते सप्टेंबरमध्ये. एका विमानातून त्याची छायाचित्रं घेतली होती, ती आम्हाला पाठवली. काळ्या आकाशात एकमेकांच्या जवळून जाणारे ठिपके, त्यांच्यामागे प्रकाशाच्या रेघा. यातला कुठला ठिपका काय आहे हे ओळखणं शक्य नव्हतं. मी बराच वेळ पाहत बसले आणि मग पुढच्या यानाचं काम उघडलं. त्याच्या पिशव्या आता दुसऱ्या गावाहून शिवून येत होत्या. मापं बरोबर होती. शिवणखोलीत खोकी रचली होती.

थंडी पडायच्या आधी बाईंनी घर सोडलं. एकटीने जिने चढणं जमेना, बहिणीच्या घरी तळमजल्यावर खोली रिकामी होती. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले, दोन बॅगा आणि शिवणाचं जुनं मशीन घेऊन. मशीन जड होतं, डब्यातल्या एका माणसाने ते वर घ्यायला मदत केली. बाईंनी खिडकीतून हात हलवला नाही. त्या आत बॅगा नीट लागल्या आहेत की नाही ते बघत होत्या. गाडी वेळेवर सुटली.

मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. कामाचा दिवस होता. ऑफिसात फोन करून सांगितलं की आज यायला उशीर होईल. "ठीक आहे, काही हरकत नाही," पलीकडचा सहकारी म्हणाला. का, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझी मावशी गावाला गेली.