दुकानातून आलेली वाक्यं

मी शाळेत मराठी शिकवते. कर्ता, कर्म, क्रियापद यांच्यावर माझं पोट, आणि माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी 'आई', 'पप्पा', 'नको' यांच्या पुढं जाईना. नणंद आली की हटकून म्हणायची, "वहिनी, गावाच्या लेकरांना शिकवता अन् तुमचीच पोरगी गप!" हसून म्हणायची, पण मला झोंबायचं. सासूबाई रोज सकाळी वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायच्या. डॉक्टरांनी कान तपासले, ते उत्तम होते. "थांबा," म्हणाले. थांबणं माझ्या स्वभावात नाही.

मी शाळेत असताना ती माझ्या सासऱ्यांजवळ असायची. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. लातूरला गंजगोलाईत त्यांचं साड्यांचं दुकान आहे. गादीच्या कोपऱ्यात बसून ती गिऱ्हाइकं बघत राहायची.

एका रविवारी स्वयंपाकघराच्या दारात मांजर आलं आणि माझ्या मागून आवाज आला, "या अक्का, बसा. काय दाखवू?" वळून बघते तर माझीच मुलगी! शब्द अप्पांचे, हेल अप्पांचा, आधीचं खाकरणंसुद्धा अप्पांचं. मी धावत जाऊन तिला उचललं. "अक्का म्हण." गप्प. "बसा म्हण." गप्प. वाक्य तिच्याकडं अख्खंच होतं, त्यातला एकही शब्द सुटा निघत नव्हता.

"अप्पा, ही नुसती तुमची नक्कल करतेय," मी कुरकुरले.

"बोलंल की. घाई कायची हाय तुला?" अप्पा म्हणाले.

मग मला तिचं बोलणं ऐकायचा नादच लागला. काही आठवड्यांनी "या पप्पा, बसा" आलं. मग बाहुली बसली, दाराआडची केरसुणीही बसली. लक्षात राहिलेल्या त्या वाक्यात एक जागा मोकळी झाली होती आणि तिथं कुणालाही बसवता येतं हे तिला उमगलं होतं. मी वर्गात आधी नियम सांगते, मग उदाहरणं देते. हिच्याकडं नुसती उदाहरणं साठत होती, मग नियम येत होता कुठून? मला मोठी गंमत वाटायची, आणि धाकधूकही. हे सगळं गिऱ्हाइकांशी बोलायचं बोलणं होतं. मला तिचं स्वतःचं, माझ्याशी बोललेलं एक वाक्य हवं होतं.

शेवटी धीर सुटला आणि मी चित्रांची कार्डं आणली. संध्याकाळी तिला समोर बसवलं. "हा आंबा. म्हण, आंबा. हा घोडा. म्हण की!" ती नुसती बघत राहिली. माझा आवाज चढला, मग डोळेच भरून आले. मी कार्डं खाली टाकली आणि तोंड फिरवलं.

तिनं कार्डं गोळा करून बाजूला सारली.

"नाही आवडलं, आई?" ती म्हणाली. "रडू नको. दुसरं दाखवते."

अप्पा गिऱ्हाइकाला "न्हाई आवडलं? दुसरं दाखवतो," म्हणतात. 'रडू नको' मी तिला म्हणते. माझं 'करते', 'येते' कधीतरी तिच्या कानात राहिलं असेल. पण हे सगळं जोडून, असं, मला, कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

तिनं कपाटातून आपले फ्रॉक ओढून काढले आणि एकेक माझ्यापुढं पसरू लागली. मी प्रत्येकाला नाक मुरडत राहिले. एखादा पसंत आहे म्हटलं असतं, तर ती बोलायची थांबली असती.