फ्रेंच खून, कोकणी आसरा

दुबईतल्या अल मनखूलमधल्या आमच्या वाचनकट्ट्याचा अध्यक्ष व्हायचं मी फार मनावर घेतलं होतं. करामाला जाऊन नवा झब्बासुद्धा आणला. बायको म्हणाली, "आधी निवडून तर या!" कट्ट्याची रीत अशी, की उमेदवाराने एका पुस्तकावर बोलायचं आणि ते सगळ्यांनी आधी वाचून यायचं.

मी मुद्दाम एक फ्रेंच रहस्यकादंबरी निवडली, इंग्रजी अनुवादातली. फ्रेंच म्हटलं की माणसाला आपोआप वजन येतं. खेड्यात नदीकाठी मुडदे पडताहेत आणि गावकरी म्हणताहेत, हे धुणं धुणाऱ्या भुतिणींचं काम. त्या कफनं पिळत बसतात आणि जो मदतीला जाईल त्यालाही पिळतात. तपासाला आलेला इन्स्पेक्टर पुरावे सोडून घरोघरी चीज चाखत हिंडतो. मजा होती हो! पण तिसरा खून पडला आणि आमच्या ऑफिसात ऑडिट आलं. वाचन खलास.

शनिवारी दुपारी, मिसळीनंतर, बोलायला उभा राहिलो. तिसऱ्या खुनापर्यंत झकास चाललं. पुढे रस्ता संपला, तसा मी सरळ कोकणात शिरलो. फ्रेंच डोहात आपली आसरा बसवली. पाण्यातली ती बाई मानपान चुकला म्हणून माणसं ओढते, इन्स्पेक्टर तिची खणानारळाने ओटी भरतो आणि खून थांबतात.

"शेवट मी आधीच ओळखला होता," कॉन्ट्रॅक्टिंगवाले काका म्हणाले.

"ओटीचा सीन वाचताना मला तर रडूच आलं," बँकेतल्या वहिनी म्हणाल्या.

मी चाट! तो सीन मी नुकताच उभ्या उभ्या रचला होता. म्हणजे एकानेही पुस्तक उघडलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. रत्नागिरीला जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई, महिन्याभरासाठी आमच्याकडे आलेली. "जावईबापू, तुमच्या उशाशी पडलं होतं ते पुस्तक, मी वाचून काढलं. खून पोस्टमास्तरने केलेत, जमिनीसाठी. आणि ही आसरा आमच्या घरामागच्या पऱ्ह्याच्या डोहातली. गेल्या मे महिन्यात मीच नाही का सांगितली तुम्हाला?"

काका वाटीतली शेव निरखू लागले. वहिनी म्हणाल्या, "अनुवाद वेगवेगळे असतात ना, मावशी."

माझं अध्यक्षपद बुडालं, असं मी धरून चाललो. पण मला पाडायचं, तर का पाडलं ते सांगावं लागणार होतं. काका खाकरले. "यल्ला, मतदान उरकून घेऊ."

सगळे हात वर. सासूबाईंना मत नव्हतं, पण त्यांनीही हात वर केला. "ह्यांनाच करा. अर्धं तरी वाचलंय!"

आभाराचं भाषण मी घरूनच लिहून नेलं होतं. त्यात 'वाचनाने माणूस घडतो' असं एक वाक्य होतं. ते तेवढं गाळलं.