घडीव काठी, ओतीव काठी

जगन्नाथ मेस्त्री गेल्याचं त्याच्या मुलीने, सुलभाने, फोनवर कळवलं. कुडाळला माझ्या घरी सकाळचा चहा चालला होता. "काका, बाबा गेले," एवढं म्हणून ती शांतपणे सांगत राहिली की झोपेतच गेले, त्रास असा काही झाला नाही, तुम्ही धावपळ करून येऊ नका. मी शिरोड्याला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यालाही आता काही आठवडे झाले. जगन्नाथवर लिहायचं मनात आलं की मला आठवतात त्या गोल्फच्या दोन काठ्या. हा खेळ आमच्याकडे कोणी पाहिलेला नव्हता, आणि खुद्द जगन्नाथही तो कधी खेळला नाही. तरी त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट या काठ्यांपाशीच घडली.

त्याचे वडील, आबा, शिरोड्याचे लोहार. पन्नासच्या दशकाच्या शेवटी जगन्नाथ मुंबईला आला आणि मी ज्या ओतकामाच्या कारखान्यात कारकून होतो तिथेच साच्यांच्या कामाला लागला. आम्ही एकाच खोलीत राहायचो. मुलाने भाता सोडून ओतकामाला जावं हे आबांना मुळीच पसंत नव्हतं. लोखंड तापवायचं, ठोकायचं, त्याला वळण लावायचं, हे त्यांच्या लेखी काम. वितळवून साच्यात ओतलं म्हणजे त्यात माणसाने काय केलं, असं त्यांचं म्हणणं. जगन्नाथ निघाला त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दर चतुर्थीला तो घरी जायचा, गणपतीपुढे वडिलांच्या शेजारी उभा राहून आरती म्हणायचा आणि न बोलता परत यायचा. मला त्याने हे सांगितलं तेही असं, की जणू शेजारच्या घरातली गोष्ट सांगतोय.

आमच्या मालकांना गोल्फचं वेड होतं. त्यांच्या विलायती काठ्यांपैकी एकीचं लोखंडी डोकं खराब झालं. परदेशातून माल येणं तेव्हा जवळजवळ बंद झालेलं. त्यांनी ती काठी जगन्नाथपुढे ठेवली आणि अस्सं डोकं ओतून दे म्हणाले. त्याने बिडाचं ओतून दिलं. दिसायला हुबेहूब होतं, पण पहिल्याच फटक्याला त्याचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांच्या कानाजवळून गेला. मालक फार रागावले नाहीत. जगन्नाथच जेवेना. त्या चतुर्थीला त्याने ते तुकडे, मूळ विलायती काठी आणि काही चेंडू पिशवीत घातले. मीही त्याच्याबरोबर गेलो. एसटी तळेऱ्याला थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, हा पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिला.

घरी त्याने काही विचारलं नाही. पिशवीतल्या वस्तू ऐरणीशेजारी मांडून ठेवल्या, बस्स. आबा दोन-तीनदा तिथून गेले-आले. शेवटी बसले, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बीड खंय मार सोसता?"

कितीतरी वर्षांनी मुलाला उद्देशून आलेलं ते पहिलं वाक्य. जगन्नाथ म्हणाला, "नाय सोसणा, आबा. माका कळाक व्हया होता."

विसर्जन झाल्यावर भट्टी पेटली. बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, होती, ती आबांनी तापवायला घातली. ते लोखंड मऊ असतं. आबा धरायचे, जगन्नाथ समोरून घण घालायचा. दांडा बसवायचं भोक जमेना म्हणून तो भाग त्यांना पुन्हा पुन्हा करावा लागला. तयार झाल्यावर आम्ही तिघे गावामागच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, गेलो. पावसाळ्याचं गवत अजून हिरवं होतं. मालकांचं पाहून पाहून जगन्नाथला उभं राहायचं तेवढं ठाऊक होतं. त्याचे बरेच फटके वाया गेले, मग एक नेमका बसला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, काही लागल्यासारखंच वाटलं नाही रे, लोण्यातून सुरी गेल्यासारखं... मीही मारून पाहिलं. माझा चेंडू काठीच्या टोकाला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

मालक त्या घडीव काठीवर खूश झाले. आबांना मुंबईला बोलवा म्हणाले. आबा गेले नाहीत, आणि जगन्नाथने भात्याकडे परत यावं अशी त्यांची इच्छा आता सगळ्या घराला कळली. जगन्नाथ मात्र दुसऱ्याच विचारात होता. मालकांचे हात वयाने कापू लागले होते. त्यांचा फटका मधोमध क्वचितच बसायचा आणि कडेला बसला की हात चोळत उभे राहायचे. ठोकून काढलेल्या डोक्याचं वजन कुठे ठेवायचं याला मर्यादा पडते, ओतताना ते हवं तिथे ठेवता येतं. त्याने पाठ पोकळ ठेवली, वजन कडांना दिलं आणि या वेळी बिडाऐवजी पोलाद ओतलं. ती काठी आबांना दाखवल्याशिवाय मालकांना द्यायची नाही, असं त्याने ठरवलं. मी त्याला सांगून पाहिलं की आता कुठे बोलणं सुरू झालंय, कशाला नेतोस. तो म्हणाला, लपवून बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं.

पुढच्या चतुर्थीला त्याने मालकांकडून घडीव काठीही मागून घेतली, आणि पुन्हा सडा. या वेळी आबांनी स्वतः काठी हातात घेतली. पहिल्यांदा आपली. चेंडू कडेला लागला. त्यांनी काठी खाली ठेवली आणि हात झटकला.

"आबा, लागलां?" जगन्नाथने विचारलं.

त्यांनी ओतीव काठी उचलली. पुन्हा फटका कडेलाच बसला, आवाज कर्कश आला, पण चेंडू बऱ्यापैकी लांब गेला. आबांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग आणखी काही वेळा, आलटून पालटून, दोन्ही काठ्यांनी मारलं. आपल्या काठीचा एक फटका अगदी मध्ये बसला तेव्हा त्यांचे डोळे मिटले, ते मी पाहिलं. शेवटी ते खडकावर बसले आणि म्हणाले, "नीट लागता तेवा माजी बरी. पण तुजी चुकल्याक सांबाळून घेता. माजी नाय घेणा."

सडा उतरताना दोन्ही काठ्या आबांच्याच खांद्यावर होत्या.

त्यानंतर जगन्नाथने मुंबई सोडावी असं आबांनी कधी म्हटलं नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस ते वारले. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा जगन्नाथ आपणहून शिरोड्याला परतला आणि माड-काजूवाल्यांचे कोयते घडवू लागला. ओतकाम पुन्हा केलं नाही. त्याचं त्याला वाईट वाटायचं का, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलं असतं तर त्याने हवापाण्याच्या गोष्टी काढल्या असत्या.

तो गेल्यावर मी शिरोड्याला पोचलो तेव्हा भेटायला येणाऱ्यांची गर्दी होती, म्हणून सुलभाने लोहारशाळाही उघडली होती. जगन्नाथ ऐरणीच्या अलीकडे, दाराकडे पाठ करून बसायचा. त्याची सावली कामावर पडायची. पलीकडे एक पाट होता आणि तिथे चांगला उजेडही होता. सुलभाने कितीदा सांगितलं की पलीकडे बसा, डोळ्यांना त्रास होतो. तो म्हणायचा, "थंय आबा बसतत," आणि हातोडा उचलायचा.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात कोणी म्हातारे गृहस्थ आले आणि दमून नेमके त्या पलीकडच्या पाटावर टेकले. सुलभा बोलता बोलता थांबली. मग आत गेली आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आली.