गण्यानं गिटार जोडली

आमच्या मानवतच्या गॅरेजात गाड्या कमी अन् किस्से जास्त येतात. एक निघाला की त्याच्या मागं दुसरा. त्यात माझ्या दोस्तानं, गण्यानं गिटारीचं किट मागवलं, मग तर विचारूच नका!

खोक्यातून निघालं काय? कोरं लाकूड, तारा, वायरी, स्क्रू. सगळं आपणच जोडायचं, रंगवायचं. गण्याच्या आईनं ते लाकूड उलटंपालटं करून बघितलं. "बाबा, पोळपाटच आणायचं होतं तर बिनभोकाचं तरी आणायचं!"

गण्याचे वडील, आप्पा तर लय कडक. "ताईच्या हळदीत वाजलं तर ठेव. न्हाई तर पाव्हण्यांदेखत भंगारात घालीन. मी त्याला हातबी लावणार न्हाई!" गण्या टरकलाच.

*

पहिला रंग देऊन गिटार गच्चीवर वाळत टांगली. समोर कापसाची जिनिंग मिल, त्यात सीझन! सकाळी बघतो तर गिटारीला पांढरीशुभ्र दाढी! मी म्हणलं, "थंडीचे दिवस हायत, राहू दे की स्वेटर." गण्यानं पॉलिशपेपर माझ्याच हातात कोंबला. परत सगळी घासली.

*

मग दिली सलीमभाईकडं. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात. लाल रंग असा दिला की त्यात तोंड बघून भांग पाडावा! पण हाताची सवय जाते व्हय? मागं झोकात लिहिलं, 'सुरक्षित अंतर ठेवा'.

"भाई, हे काय?"

"तू पहिल्यांदा बजानेवाला ना मियाँ? लोगां को बताना पडता!"

*

वायरिंग मी केलं, मोटरसायकलचं करतो तसंच. गण्याच्या घरी स्पीकरला पिन लावली, तर गिटारीतून रेडिओवरचे कापसाचे भाव! आई खूश. "आता कसं कामाचं बोलायलंय!" वायर बदलली तेव्हा कुठं सूर निघाला. गण्यानं मला उचलूनच घेतलं.

*

हळदीचा दिवस. मांडव गच्च. गण्यानं स्पीकरला पिन जोडली, तार छेडली. आवाजच न्हाई! परत छेडली. न्हाई! सगळे पाव्हणे आप्पांकडं बघायलेत. गण्याचे डोळे भरले.

आप्पा उठले, टोपी सावरत आले अन् त्याच्या हातातून गिटार काढून घेतली. मी मनात म्हणलं, चालली भंगारात!

आप्पांनी कडेचं बारकं बटण फिरवलं अन् तार छेडली. सगळा मांडव दणाणला!

"दुपारी माझं वाजवून झाल्यावर मीच बंद केलतं," आप्पा म्हणाले. "उगं लाईट कशाला जाळायची?"